इंग्रजी व्याख्यान ऐकावें कसें?

आमच्या मारेगांव तालुक्यांतील एखादा हुषार विद्यार्थी दहावीच्या परीक्षेंत इंग्रजी विषयांत चांगले गुण मिळवून उत्तीर्ण होतो, वणी, यवतमाळ किंवा नागपूर येथें अकरावीच्या विज्ञानशाखेंत नांव घालतो, आणि पहिला महिना संपण्याच्या आंतच त्याचा चेहरा उतरलेला दिसूं लागतो. विचारपूस केली तर उत्तर येतें, "सर काय बोलतात तें समजत नाहीं." तोच पाठ पुस्तकांत उघडून त्याच्यापुढें ठेवला तर तो सावकाश वाचतो, कोशांत दोन-चार शब्द पाहतो आणि अर्थहि सांगतो. म्हणजे जी भाषा डोळ्यांस येते ती कानांस येत नाहीं. परंतु ही गोष्ट घरांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पोरगा अभ्यास करीत नाहीं, किंवा विज्ञान त्याच्या आवाक्याबाहेरचें आहे, असा निकाल दिला जातो, आणि दिवाळीच्या सुटीनंतर शाखा बदलण्याचा अर्ज लिहिला जातो. वैद्यक, शेतकी, स्थापत्य ह्या विद्यांचीं दारें कानाच्या एका उणिवेपायीं मुलामुलींस बंद व्हावीं, ही हानि लहान नव्हे. ही उणीव जन्माची नसते. ती शिकवून व सरावानें भरून काढतां येते. तें कसें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही उणीव आली कोठून तें पाहूं. आपल्याकडे इंग्रजी भाषा मुख्यतः डोळ्यांच्या वाटेनें आली. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तींत एक वाक्य मराठींतून इंग्रजींत व दुसरें इंग्रजींतून मराठींत न्यावयाचें असे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केलेले पी. सी. रेन यांचें व्याकरण आजहि 'रेन अँड मार्टिन' ह्या नांवानें मुलांच्या दप्तरांत आढळतें. तिकडे ढाक्क्यास अध्यापकांच्या शिक्षणाचें काम पाहणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, ज्या देशांत बहुतेक मुलें अर्ध्यावर शाळा सोडतात, तेथें त्यांच्या पदरांत निदान वाचनाची शक्ति तरी पडावी. त्या काळच्या स्थितीस तें धरून होतें. दोष इतकाच झाला कीं स्थिति पालटली तरी रीति पालटली नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. पुढें गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविणारे 'सेमी' वर्गहि निघाले. तथापि बहुतेक वर्गांत आजहि काय घडतें? शिक्षक इंग्रजी पाठांतील एक ओळ वाचतात आणि लगेच तिचा मराठी अर्थ सांगतात. पुन्हां एक ओळ, पुन्हां अर्थ. ह्यांत मुलाचा कान एक वाईट धडा शिकतो. इंग्रजी ओळ चालू असेपर्यंत स्वस्थ बसावें, मराठी सुरू झालें म्हणजे लक्ष द्यावें, अशी त्यास संवय लागते. दहा वर्षें ही संवय मुरल्यावर अकरावींतील अध्यापक जेव्हां पाऊण तास अखंड इंग्रजी बोलतात, तेव्हां हा कान मराठी अर्थाची वाट पाहात बसतो, आणि तो अर्थ कांहीं येत नाहीं.

आतां ऐकणें म्हणजे नेमकें काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, बोलणारा बोलतो व ऐकणाऱ्याच्या कानांत तें आपोआप पडतें. भांडें पालथें नसलें म्हणजे झालें. हें खरें नव्हे. इंग्रजी बोलणारा मनुष्य सामान्यतः मिनिटास सुमारें दीडशें शब्द बोलतो. पुस्तकांत दोन शब्दांच्या मध्यें कोरी जागा असते. बोलण्यांत तशी जागा नसते. 'पुट', 'इट', 'ऑन' हे तीन शब्द कागदावर तीन असले तरी तोंडांतून 'पुटिटॉन' असा एकच शब्द बाहेर पडतो. ज्यांनीं संस्कृत घेतलें आहे त्यांस ही गोष्ट चट्कन समजेल. संस्कृतांत संधि होतो तेव्हां तो लिहूनहि दाखवितात. इंग्रजींत संधि लिहून दाखवीत नाहींत, पण बोलण्यांत मात्र पावलोपावलीं करतात. म्हणून इंग्रजी ऐकणाऱ्याचें पहिलें काम संधि सोडविण्याचें आहे, आणि तें त्यास मिनिटास दीडशें शब्दांच्या वेगानें करावयाचें आहे.

त्यांतच दुसरी एक अडचण मिसळते. मराठींत प्रत्येक अक्षराला बहुतेक सारखा मान मिळतो. 'महाराष्ट्र' म्हणतांना आपण एकहि अक्षर गिळीत नाहीं. इंग्रजींत शब्दाच्या एका अवयवावर जोर देतात व बाकीचे अवयव घाईनें उरकून घेतात. 'ऑफ', 'टु', 'अँड', 'द' हे लहान शब्द तर वाक्यांत नुसते श्वासासारखे येऊन जातात. ह्याचा परिणाम वर्गांत किती दूरवर पोहोंचतो पाहा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' ह्या दोन शब्दांतील भेद शेवटच्या 'न' वर फारसा अवलंबून नाहीं. पहिल्यांत जोर शेवटीं, दुसऱ्यांत जोर आरंभीं, हा खरा भेद. ज्यास हें कोणीं सांगितलें नाहीं तो पंधरा अंश तपमान पन्नास अंश लिहून घेतो व मग गणिताचें उत्तर कां जुळत नाहीं म्हणून डोकें धरून बसतो. तसेंच 'डझन्ट डिझॉल्व्ह' ह्यांतील 'न्ट' निसटला कीं जो पदार्थ पाण्यांत विरघळत नाहीं तो वहींत विरघळून जातो!

संख्यांचा आणखी एक घोंटाळा आहे. आपण 'पंच्याऐंशी' म्हणतों तेव्हां पांच आधीं व ऐंशी मागून येतात. इंग्रजींत ऐंशी आधीं व पांच मागून. लाख व कोटि ह्यांच्या जागीं तेथें मिलियन येतो, म्हणजे दहा लाख. कागदावर हें सर्वांस ठाऊक असतें; ऐकतांना मात्र उलटसुलट होतें. रोज वर्ग सुरू होण्याच्या वेळीं दहा संख्या इंग्रजींतून उच्चाराव्या आणि मुलांनीं त्या अंकांत लिहाव्या, एवढा पांच मिनिटांचा नेम ठेवला तर एका सत्रांत हा दोष नाहींसा होण्यास हरकत नाहीं.

वाक्यरचनेचा भेद ह्याहून खोल आहे, आणि त्याविषयीं वर्गांत कोणी बोलत असल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं. मराठी वाक्याचें क्रियापद शेवटीं असतें आणि 'नाहीं' हा शब्द तर त्याच्याहि मागून येतो. त्यामुळें मराठी श्रोता वाक्य संपेपर्यंत थांबण्यास शिकलेला असतो. सर्व सामुग्री गोळा करावयाची व शेवटच्या शब्दावर निवाडा करावयाचा. इंग्रजींत कोण व काय करतो हें आरंभींच सांगून टाकतात, नकारहि तेथेंच उरकतात, आणि मग केव्हां, कोठें, कशानें हें एकामागून एक जोडीत जातात. आपण 'ज्या धातूंतून वीज सहज वाहते तो धातु' असें म्हणतों. इंग्रज 'तो धातु' आधीं म्हणतो आणि 'ज्यांतून' मागून. म्हणून आमच्या विद्यार्थ्यानें आपलें लक्ष वाक्याच्या शेपटाकडून तोंडाकडे वळविलें पाहिजे. पहिले चार शब्द निसटले तर पुढल्या दहांचा उपयोग थोडा. नवव्या-दहाव्या इयत्तेंतील मुलांस शिक्षकांनीं इंग्रजी वाक्याचा केवळ पूर्वार्ध ऐकवावा व 'आतां पुढें काय येईल?' असें विचारावें. आरंभीं मुलें हंसतात. पण पंधरा दिवसांत त्यांचे तर्क बरोबर येऊं लागतात, आणि तर्क करणारा कान झोंपत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, एवढ्या अडचणी वाचून कोणी भिऊन जाऊं नये. मारेगांवच्या बाजारांतून एक फेरी मारून या. वऱ्हाडी मराठी तर चालूच असते. परंतु एका दुकानापाशीं कोलामी, दुसऱ्यापाशीं गोंडी, कोठें बंजाऱ्यांची गोरमाटी, कोठें हिंदी आणि कोठें तेलुगु कानीं पडते. पुणें-मुंबईच्या पुष्कळ मुलांस लाभत नाहीं असें हें कानाचें शिक्षण तुम्हांस फुकट मिळालें आहे. शिवाय तुमच्यापैकीं बहुतेकांनीं शाळेंत पाऊल ठेवतांच एक नवी भाषा कानानेंच आत्मसात केली होती. घरीं 'डोया' आणि 'शाया' म्हणणाऱ्या मुलानें गुरुजींच्या तोंडचा 'डोळा' व 'शाळा' कोणत्या कोशांत पाहिला? घरीं 'तो जाऊन राहिला' ऐकणारा मुलगा पुस्तकांतील 'तो जात आहे' हें न शिकवतांच समजला. जो कान 'य' व 'ळ' ह्यांचें नातें आपण होऊन ओळखतो, तो इंग्रजीचे आडवळणहि ओळखील.

पोडांतून येणाऱ्या कोलाम मुलांविषयीं येथें मुद्दाम चार शब्द लिहितों, कारण त्यांची मातृभाषा म्हणजे शिक्षणांतील अडथळा असें समजणारे लोक पुष्कळ आहेत. कोलामी ही द्राविड कुळांतील भाषा. अमेरिकन भाषापंडित मरे एमेनो यांनीं तिचा अभ्यास करून १९५५ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या भाषेंत पांच स्वर ऱ्हस्व व तेच पांच दीर्घ, असे दहा स्वर आहेत. 'ए' व 'ओ' ह्यांचेहि ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन दोन प्रकार आहेत. मराठींत तो भेद नाहीं. आतां इंग्रजींत लेखणीस 'पेन' म्हणतात आणि वेदनेसहि 'पेन' म्हणतात. आपल्या लिपींत दोन्ही शब्द एकसारखेच लिहावे लागतात, आणि आपल्या कानांसहि ते एकसारखेच वाटतात. इंग्रजाच्या तोंडीं मात्र पहिल्यांतील 'ए' आंखूड व दुसऱ्यांतील लांब असतो. हा आंखूड-लांब भेद ऐकण्याची संवय कोलाम मुलास आईच्या मांडीवरच झालेली असते. ज्या मुलास वर्गांत मागच्या बांकावर बसविलें जातें, त्यासच ह्या पाठाच्या वेळीं पुढें बोलावून इतरांचा परीक्षक नेमावा, असें माझें मत आहे.

येथपर्यंत शब्दांचें झालें. परंतु व्याख्यान हें सुट्या शब्दांचें गांठोडें नव्हे. त्याला आकार असतो. ज्यांनीं गांवांत कीर्तन ऐकलें आहे त्यांस हा आकार ओळखीचा आहे. बुवा आरंभीं एक अभंग घेतात. पूर्वरंगांत त्याचें निरूपण करतात, मधून मधून दृष्टांत देतात, आणि प्रत्येक दृष्टांतानंतर फिरून मूळ चरणावर येतात. उत्तररंगांत आख्यान लावतात. निरक्षर श्रोतासुद्धां दृष्टांत कोणता व सिद्धांत कोणता ह्यांत घोंटाळा करीत नाहीं. चरण पुन्हां आला कीं तो ओळखतो, 'हें मुख्य.' महाविद्यालयांतील व्याख्यानाची घडण फारशी निराळी नसते. अध्यापक आरंभीं विषय सांगतात, तो दोन-तीन भागांत वांटतात, उदाहरणें देतात, मुख्य गोष्ट दोनदां म्हणतात. आणि ह्या प्रत्येक वळणावर एक-एक खुणेचा दगड पुरलेला असतो. 'फर्स्ट' म्हटलें कीं समजावें, आतां यादी सुरू झाली. 'फॉर एक्झाम्पल' म्हटलें कीं दृष्टांत आला. तो नीट ऐकावा, पण सगळा लिहीत बसूं नये. 'हाउएव्हर' किंवा 'बट' आलें कीं गाडी वळली. ह्यापुढचें वाक्य बहुधा परीक्षेंत येतें. 'देअरफोर' म्हणजे निष्कर्ष. 'दॅट इज' किंवा 'इन अदर वर्ड्स' म्हणजे आतांच सांगितलेली गोष्ट सोप्या शब्दांत पुन्हां येत आहे; पहिल्यानें न कळली असल्यास ही दुसरी संधि दवडूं नये. असे वीस-पंचवीस शब्दसमूह ज्याच्या कानांत पक्के बसले, त्याला व्याख्यानांतील निम्मे शब्द न कळले तरी आपण रस्त्याच्या कोणत्या मैलावर आहों हें कळत राहतें. अनोळखी शब्दाशीं अडून न बसतां त्याला ओलांडून पुढें जाणें हीच ह्या कलेची मोठी परीक्षा आहे. एका शब्दासाठीं थांबणारा विद्यार्थी पुढचीं तीन वाक्यें गमावतो.

टिपण घेण्याची गोष्ट ह्यालाच लागून आहे. वर सांगितलें कीं बोलण्याचा वेग मिनिटास दीडशें शब्दांच्या आसपास. हातानें लिहिण्याचा वेग वीस-पंचवीस शब्दांपलीकडे फारसा जात नाहीं. ज्याला सर्वच लिहून घ्यावयाचें आहे त्याला सहांतील पांच शब्द सोडावेच लागणार. प्रश्न एवढाच कीं कोणते सोडावे हें आपण ठरवावें कीं दैवावर टाकावें? श्रुतलेखनाच्या संवयीमुळें आमचीं मुलें पहिलें वाक्य अक्षरशः लिहितात, दुसरें अर्धें लिहितात, आणि तिसऱ्याच्या वेळीं शेजाऱ्याच्या वहींत डोकावतात. त्यापेक्षां पानाच्या डाव्या बाजूस तीन बोटें समास सोडावा, उजवीकडे केवळ मुख्य शब्द लिहावे, आणि संबंध दाखविण्यास बाण, बेरीज, बरोबर ह्या चिन्हांचा उपयोग करावा. संक्षेपाची कला आपणांस नवी नाहीं. 'मु. पो.', 'ता. क.', 'रा. रा.' लिहिणारा समाज आपला. पूर्वीचे कारकून तर मोडींत हात न उचलतां भराभर लिहीत. 'टेंपरेचर' पूर्ण लिहिण्याऐवजीं नुसतें 'टें' लिहिलें तर कांहीं बिघडत नाहीं. टिपण मराठींत घ्यावें कीं इंग्रजींत, असें मुलें विचारतात. जी भाषा लवकर हातीं येईल तींत घ्यावें. एका ओळींत दोन्ही मिसळलीं तरी चालेल. टिपण हें स्वतःस लिहिलेलें पत्र आहे. तें तपासणाऱ्यास दाखवावयाचें नसतें. मात्र त्याच दिवशीं सायंकाळीं तें उघडून तुटलेले दुवे जोडले पाहिजेत. दुसरा दिवस उजाडला कीं स्वतःचेंच अक्षर स्वतःस परकें वाटूं लागतें.

ह्या सर्वांहून अधिक उपयोगी असा एक उपाय आहे, आणि तो मराठीचा आहे. मनुष्य केवळ कानानें ऐकत नाहीं. तो आधीं ठाऊक असलेल्या ज्ञानानें ऐकतो. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे काय हें ज्यास मराठींत पक्कें समजलें आहे, त्यानें 'फोटोसिंथेसिस' हा एक शब्द ओळखला कीं 'लीफ', 'सनलाइट', 'ऑक्सिजन' हे शब्द तो ऐकण्यापूर्वींच त्यांची वाट पाहूं लागतो; अर्धवट कानीं पडले तरी ते त्याच्या मनांत पूर्ण होतात. ज्याला कल्पनाच ठाऊक नाहीं, त्याला उत्तम इंग्रजी येऊनहि तेंच व्याख्यान अंधारांत चालल्यासारखें वाटतें. म्हणून इंग्रजी सुधारण्यासाठीं मराठी सोडावी, हा कांहीं पालकांचा विचार मला उलट्या पावलांचा वाटतो. उद्यां वर्गांत जो विषय होणार आहे तो आज रात्रीं मराठींत वाचून जावा. त्यासाठीं साधनेंहि आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि आतां तो कोश मोबाइलवर विनामूल्य वाचतां येतो. त्यांतील शास्त्रीय नोंदींत मराठी संज्ञेबरोबर तिचें इंग्रजी नांवहि बहुधा दिलेलें असतें. अर्धा तास ह्या कामीं दिला तर दुसऱ्या दिवशींच्या व्याख्यानाचा निम्मा भार हलका होतो.

शिक्षकांनीं वर्गांत काय करावें ह्याविषयीं एकच प्रयोग सविस्तर सांगतों. तो 'ग्रामर डिक्टेशन' नांवाच्या १९९० सालच्या एका इंग्रजी पुस्तकानें शिक्षकांत पुष्कळ प्रसिद्धीस आणला. चार-पांच वाक्यांचा एक उतारा घ्यावा व नेहमींच्या वेगानें दोनदां वाचावा. पहिल्या वेळीं मुलांनीं लेखणी खालीं ठेवून नुसतें ऐकावें. दुसऱ्या वेळीं सुटे शब्द टिपावे. मग चौघाचौघांनीं बसून आपापल्या शब्दांवरून तोच उतारा पुन्हां उभा करावयाचा. समजा, उतारा आपल्या काळ्या जमिनीचा आहे: 'ब्लॅक सॉइल होल्ड्स वॉटर फॉर अ लाँग टाइम, बट इट क्रॅक्स व्हेन इट ड्राइज.' एकानें टिपलें 'सॉइल, वॉटर, क्रॅक्स'. त्यावरून त्यानें लिहिलें कीं पाण्यानें जमिनीस भेगा पडतात. शेजारची मुलगी म्हणते, "असं कसं होईल? वावराले भेगा तं उन्हायात पडतात." मग दोघें मिळून आठवितात कीं मध्यें 'बट' होतें आणि शेवटीं 'ड्राय' सारखें कांहीं ऐकूं आलें. वाक्य जुळतें. येथें त्या मुलीनें इंग्रजी व्याकरणाच्या जोरावर नव्हे, तर वावराच्या अनुभवावर इंग्रजी वाक्य दुरुस्त केलें. आणि त्याबरोबरच 'बट' ह्या इवल्या शब्दाची किंमत सर्वांस समजली. कोणता शब्द कोणास ऐकूं आला नाहीं व कां, ह्याची चर्चा शेवटीं झालीच पाहिजे. नाहीं तर ही नुसती करमणूक होईल. कापूस, सोयाबीन, वणीकडील कोळशाच्या खाणी, असे विषय घेतले म्हणजे मुलांची जीभ सुटते.

व्याख्यान संपल्यावर "समजलें कां?" असें विचारण्याची व सर्व वर्गानें "होऽ" म्हणण्याची जी आपली चाल आहे ती जितकी लवकर बंद होईल तितकें बरें. त्या होकाराचा अर्थ एवढाच असतो कीं तास संपत आला आहे. त्याऐवजीं प्रत्येकानें एका चिठ्ठीवर एक समजलेली व एक न समजलेली गोष्ट, नांव न घालतां, लिहून द्यावी. आणि विद्यार्थ्यांनींहि विचारण्याचीं चार इंग्रजी वाक्यें जिभेवर तयार ठेवावीं: 'सर, कुड यू रिपीट द लास्ट पॉइंट?' हें त्यांपैकीं एक. खेड्यांतून आलेल्या मुलींस परक्या वर्गांत तोंड उघडण्याचा संकोच फार वाटतो. त्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं समुद्रापार गेल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अमेरिकन अध्यापकांचीं व्याख्यानें ऐकून १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. पण जाण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें इंग्रजींतून जाहीर भाषण करण्याइतकी त्यांची तयारी झालेली होती. आपल्या यवतमाळांतहि १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील व्याख्यानेंहि इंग्रजींतच होतात.

घरच्या सरावास आज साधनांची वाण नाहीं. ब्रिटिश नभोवाणीनें १९४३ सालीं परभाषिकांसाठीं इंग्रजीचे पाठ देण्यास आरंभ केला, आणि तिचे तसले पाठ आज मोबाइलवर मिळतात. अमेरिकेच्या नभोवाणीनें १९५९ सालीं सुमारें दीड हजार निवडक शब्दांत व मंद गतीनें बातम्या देण्याचा उपक्रम काढला होता; शब्द थोडे व गति मंद ठेवली तर परक्या भाषेंतील गंभीर विषयहि समजतो, हें त्यानें दाखवून दिलें. पुण्याच्या 'सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस' ह्या संस्थेनें मराठी शाळांतील मुलांकरितां 'वुई लर्न इंग्लिश' हे ध्वनिपाठ तयार केले व ते आकाशवाणीवरून ऐकविले गेले. साधन कोणतेंहि घ्या, रीत महत्त्वाची. तासभर चित्रपट लावून ठेवणें म्हणजे सराव नव्हे. दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा घ्यावा. पहिल्यानें तो विषय कशाचा आहे एवढ्याकरितां ऐकावा. दुसऱ्यानें मुख्य शब्द टिपावे. मग छापील मजकूर समोर ठेवून ऐकावा आणि आपण कोठें फसलों तें पाहावें. एखादा शब्द खरोखरच नवा होता, कीं ओळखीचाच शब्द वेष पालटून आला होता? आमच्या मुलांस बहुधा दुसरें कारण सांपडेल, आणि त्यांस मोठा धीर येईल. शेवटीं मजकूर झांकून पुन्हां ऐकावा. मोबाइलमध्यें गति कमी करण्याची सोय असते तिचा आरंभीं उपयोग करावा, पण तिच्यावर राहूं नये. वर्गांतील सरांस तसली कळ नसते.

पालकांनीं 'आम्हांस इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय करणार?' असें म्हणण्याचें कारण नाहीं. शेतांतून घरीं आल्यावर, भाकरी होत असतांना, मुलास जवळ बसवून "आज सरनं काय शिकवलं रे?" एवढें विचारावें, आणि त्यानें तें आपल्या बोलींत सांगावें. जें त्याला वऱ्हाडींत, कोलामींत किंवा गोंडींत सांगतां आलें, तें त्यानें इंग्रजींत ऐकलें होतें असें खुशाल समजावें. सांगतां सांगतां तो अडखळला तर रागावूं नये. कोठपर्यंत समजलें होतें, शेवटचा कोणता शब्द ऐकूं आला होता, तें विचारावें आणि तो शब्द त्याच्याकडूनच वहीच्या समासांत लिहवून घ्यावा. दुसऱ्या दिवशीं सरांस विचारण्याचा प्रश्न तोच.